न फोडलेली वानगी

बायनाबाईनं वरवंटा उचलला तेव्हा केशव गुल्हानेची मूठ तिच्या टोपलीतून नुकती बाहेर येत होती.

मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. मधे आमचं यंत्र. तिनं वरवंटा दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि मला वाटलं, ती नुसतं घाबरवते आहे. गुल्हानेलाही तसंच वाटलं असावं, कारण तो हसला. त्याची मूठ टेबलाच्या कडेवर टेकलेली होती. मग वरवंटा खाली आला. वाळलेली करंजाची शेंग मोगरीखाली फुटते तसा आवाज झाला, पण ओला.

गुल्हाने आधी ओरडलाच नाही. त्यानं हात वर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिला. बोटं नको त्या बाजूला वळली होती. मुठीतल्या बिया टेबलावर सांडल्या होत्या. बायनाबाईनं वरवंटा खाली टाकला आणि ती त्या बिया वेचायला लागली. एकेक बी उचलायची, लुगड्याला पुसायची, टोपलीत टाकायची. बियांवरचं रक्त पुसत होती ती.

"एकबी फुटली नाई," ती मला म्हणाली. "पाहा म्याडम. एकबी नाई फुटली."

तेव्हा गुल्हाने ओरडला.

त्या सकाळी आम्ही भोरखेडच्या बाजारात उतरलो ते हसत-खेळत. चैत्राचं ऊन होतं. गुलाब तांबोळी जीप चालवत होता आणि वाटेत त्यानं घेतलेल्या काकड्या आम्ही मीठ लावून खात आलो होतो. माझी निवृत्ती जवळ आली होती. त्या काळात साऱ्या देशात झाडांच्या तेलापासून डिझेल करायची चर्चा होती आणि आमच्या संशोधन केंद्राकडे करंजाचं काम आलं होतं. कुठल्या झाडाच्या बीत तेल जास्त, कुठलं तेल इंजिनाला चालेल, ते शोधायचं आणि त्या झाडाची रोपं करायची.

मी जन्मभर बिया फोडत आले होते. आत तेल किती हे बघायचं तर बी फोडायची, दळायची, तेल काढायचं. आकडा मिळायचा, पण बी जायची. उत्तम बी सापडली हे कळायचं तेव्हा ती उगवायला उरलेलीच नसायची. हे नवं यंत्र आलं आणि ते सगळं बदललं. मूठभर बिया त्याच्या वाटीत ठेवायच्या. डोळ्याला न दिसणारा उजेड त्यांच्यावर पडायचा, परत फिरायचा, आणि परत फिरलेल्या उजेडावरून यंत्र आकडे दाखवायचं. तेल किती, ओल किती, तेल आंबलेलं तर नाही. बिया जशाच्या तशा परत. हव्या तर पेरा, हव्या तर विका. मला त्या यंत्राचं वेड लागलं होतं असं म्हटलं तरी चालेल.

जीपच्या बॅटरीवर ते चालायचं. आम्ही बाजारतळाच्या कडेला, पत्र्याच्या एका जुन्या रिकाम्या गोदामाजवळ टेबल मांडलं. रानातून करंजाच्या शेंगा गोळा करून आणणाऱ्या बायका तिथंच सावलीला बसून शेंगा सोलत. प्रत्येकीकडे एक लाकडी मोगरी. सगळ्या मोगऱ्या एका लयीत पडायच्या, टक टक, टक टक. आता माझ्या गुडघ्यांना लावायला मुलगी करंजाचं तेल आणून देते. बाटलीचं झाकण उघडलं की त्या कडवट वासाबरोबर मला तो आवाज ऐकू येतो.

बायकांना यंत्राची भीती वाटली नाही. तुळसा नावाची एक धिप्पाड बाई होती, तिनं सगळ्यात आधी टोपली पुढे केली.

"म्याडम, हे मशीन पोटातलं सांगते म्हनता?"

"बीच्या पोटातलं."

"न् बाईच्या पोटातलं?"

"तुह्या पोटातलं कायले पाह्याचं वं तुळसे?" मागून कोणीतरी म्हणालं. "साऱ्या गावाले मालूम हाय, भाकरीच हायेत."

"तुह्या नवऱ्याच्या हायेत का?" तुळसा म्हणाली, आणि मोगऱ्या थांबवून सगळ्या हसल्या. गुलाबसुद्धा तोंड फिरवून हसला.

यंत्रानं तुळसाचा आकडा दाखवला. मी तो मोठ्यानं वाचला आणि वाटीतल्या बिया तिच्या टोपलीत परत ओतल्या. ती टोपलीकडे बघतच राहिली.

"साऱ्या परत?"

"सगळ्या."

"वानगी नाई घेत तुमी?"

तिच्या प्रश्नाचा अर्थ मला समोर बघितल्यावर कळला. बाजाराच्या मधोमध केशव गुल्हानेचा काटा होता. काट्याशेजारी एक काळी शिळा आणि तिच्यावर काळा वरवंटा. माल तोलण्याआधी गुल्हाने प्रत्येक टोपलीतून ओंजळभर बिया काढायचा. ती वानगी. त्यातल्या चार शिळेवर ठेचून गर कागदावर घासायचा, कागद उन्हात धरून तेलाचा डाग बघायचा आणि मान हलवायचा, "हलका माल हाय." उरलेली ओंजळ मागच्या पत्र्याच्या पिंपात जायची. ती तोलात धरायची नाही. बाजाराचा रिवाज. दिवस मावळेपर्यंत ते पिंप काठोकाठ भरायचं. चांगल्या झाडाची बी असेल तर ओंजळ मोठी व्हायची.

दुपार होईतो गुल्हानेच्या काट्यावर येणारी प्रत्येक बाई आमच्या टेबलावरून जायला लागली. आणि तिथं गेल्यावर म्हणायची, "आकडा घेतला आमी. वानगी नाई देत."

बायनाबाई सकाळपासून आली होती, पण रांगेत उभी राहत नव्हती. कोणी मागून आलं की ती बाजूला सरायची. किडकिडीत बाई, केस पिकलेले, वय मात्र तेवढं नसावं. तिच्याजवळ शेंगांचं गाठोडं नव्हतं, मोगरी नव्हती. फक्त धुतलेल्या फडक्यानं झाकलेली एक लहान टोपली. बिया तिनं घरी हातानं सोलून आणल्या होत्या. मोगरीचा एक ओरखडा नव्हता त्यांच्यावर.

गर्दी पांगल्यावर ती पुढे आली.

"हे फोडत नाई ना?"

"नाही, बाई."

"एकबी नाई?"

"एकही नाही."

"साऱ्या परत देता?"

"तुमच्यासमोर देते. विकायच्या आहेत ना?"

"इकाच्या नाई," ती चटकन म्हणाली. "फक्त पाह्याच्या हायेत. आत भरल्या हायेत का पोचट हायेत, थे."

"विकायच्या नाहीत तर मग कशाला बघायचं?"

तिनं स्वतःच्या हातानं मूठभर बिया यंत्राच्या वाटीत ठेवल्या, आणि वाटी सरकवताना माझ्या हाताला हात लावला. "हळू," म्हणाली.

आमच्या कामाचा एक नियम होता. एकाच मालाचा आकडा तीनदा घ्यायचा. वाटी काढायची, बिया हलवायच्या, पुन्हा ठेवायची. तिन्ही आकडे जवळ आले तरच बोलायचं. एका आकड्यावर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पहिला आकडा पडद्यावर उमटला. मी तो बघितला. वाटी बाहेर काढली, बिया हलवायला टोपलीत परत ओतल्या, तेवढ्यात टेबलावर धाडकन काहीतरी आदळलं.

ती गुल्हानेची काळी शिळा होती. तिच्याशेजारी त्यानं वरवंटा ठेवला. मागे त्याचे चार-पाच हमाल होते.

"म्याडम, नमस्कार," तो म्हणाला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, बोलणं गोड. "चहा घेतला का नाई? आमच्या गावात पाहुणा उपाशी राहत नाई."

"घेतला, शेठ."

"मंग एक सांगा. डॉक्टर बी पोट फाडते तवा त्याले समजते आत काय हाय ते. तुमचं मशीन फोडल्याबगर कसं सांगते?"

"डॉक्टरही आता आधी फोटो काढून बघतात, शेठ."

बायका हसल्या. तुळसा जरा जास्तच मोठ्यानं. गुल्हाने हसला नाही.

"आकडा सांगाले काय जाते? तुमी म्हनसान तेवढा. मंग एक काम करू. तुमी मशीनवर सांगा, मी फोडून दाखवतो. साऱ्या बाजारासमोर. खरं कोन, खोटं कोन, लोक पाह्यतीन."

मला यात काही वावगं दिसलं नाही. यंत्र बरोबर चालतं आहे की नाही हे ताडून बघायला थोड्या बिया फोडणं आमच्याही कामात असतंच. मी म्हटलं, "बघू की. कुणाचा माल घ्यायचा?"

"हाच," तो म्हणाला आणि त्यानं बायनाबाईच्या टोपलीकडे बोट केलं.

"नाई," बायनाबाई म्हणाली.

"काऊन?"

"माह्या बिया फोडाच्या नाई."

"दुसऱ्या कुणाच्या घेऊ," मी म्हटलं.

"दुसऱ्या काऊन? हिच्या झाडाचा माल साऱ्या रानात जड हाय म्हनतेत. नदीवरचं झाड. इतके साल झाले, एक दाना बाजारात आनला नाई इनं. आज पह्यल्यांदा आनला न् तो बी तुमच्या टेबलावर." तो तिच्याकडे वळला. "बायने, रिवाज तं रिवाज हाय. बाजारात टोपली आली म्हंजे वानगी देना लागते."

"शेठ, इकाच्या नाई त्या."

"मी इकत कुटी मांगतो? वानगी मांगतो."

त्यानं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. बायनाबाईनं दोन्ही हातांनी टोपली छातीशी धरली. एका हमालानं तिचा दंड पिरगाळून हात सोडवला. मी "अहो, सोडा त्यांना" असं काहीतरी म्हणत होते. मागे मोगऱ्या थांबल्या होत्या. गुल्हानेनं टोपलीत मूठ घातली आणि भरून वर काढली.

वरवंटा टेबलावरच होता.

त्याच्या ओरडण्यानंतर सगळं एकदम झालं. पहिला दगड जीपच्या काचेवर बसला, दुसरा यंत्रावर. यंत्राचा पडदा फुटला, आतल्या दिव्याचा बारीक निळसर धूर आला. एका हमालानं टेबल उलटवलं आणि यंत्र जमिनीवर पडल्यावर त्याच्यावर ती काळी शिळा टाकली, दोनदा. गुलाब मला मागे ओढत होता. एक धोंडा त्याच्या कपाळावर बसला. तो खाली बसला, पुन्हा उठला आणि तोंडावरून रक्त वाहत असतानाही म्हणाला, "मॅडम, गोदामात चला."

बायनाबाई दोघा हमालांच्या मधे जमिनीवर पडली होती. ते तिला लाथा मारत होते आणि ती टोपलीवर पालथी झाली होती, पिलावर कोंबडी बसते तशी. गुलाबनं जीपचा हँडल उचलून त्यातल्या एकाच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला, तसं मी तिला काखेत धरून ओढलं. आम्ही तिघं गोदामात शिरलो आणि गुलाबनं पत्र्याच्या दाराची कडी घातली.

आत उकाडा होता आणि जुन्या कापसाचा वास. पत्र्यावर दगड पडायला लागले. प्रत्येक दगडाला सगळं गोदाम वाजायचं. मी पदर फाडून गुलाबच्या कपाळाला बांधला.

"काढा तिले बाहेर!" बाहेरून गुल्हानेचा आवाज आला. वेदनेनं चिरका झाला होता. "म्याडम, तुमच्याशी आमचं काई वाकडं नाई. तिले बाहेर काढा. नाई तं आतमंदीच भाजतो साऱ्याईले. रॉकेल आना रे!"

बायनाबाई कोपऱ्यात बसून टोपली तपासत होती. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. तिनं बिया बोटांनी चाळल्या, मग माझ्याकडे बघितलं.

"काय निंगालं?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"तुमच्या मशीनमंदी. आकडा आल्ता ना? भरेल हाय का पोचट?"

"बाई, लोक आपल्या जिवावर उठलेत!" मी ओरडले. "बियांचं काय घेऊन बसलात?"

ती ओरडली नाही. तिनं हात जमिनीपासून कमरेइतका वर धरला.

"एवढीशी होती माही पोरगी. रेवता. सकाळी भाकर मांगत होती. घरात भाकर होती म्याडम, नव्हती असं नाई. मी म्हनली, उशीर होते, माल इकला का मंग जेवजो, चाल."

एक दगड पत्रा वाकवून गेला. तिनं मान वळवली नाही.

"बाजारात यानं वानगी काढली. लय मोठी काढली. पोरीनं पिंपात हात घालून मूठभर परत घेतली. केवढी मूठ तिची? यानं वरवंटा फेकला. भेवाडाले फेकला म्हने. कानाच्या मांगं लागला. रगत बी नाई आलं. माह्यासंग चालत घरी आली थे. वाटंनं म्हने, माय, आता भूक नाई लागत. घरी आली, निजली, न् उठलीच नाई."

गुलाब भिंतीला टेकून ऐकत होता.

"पोलीस आले नाहीत?" मी विचारलं.

"आल्ते. साऱ्या बाजाराले इचारलं. सारे म्हनले, झाडावरून पडली. मी बी तेच म्हनली. दोन लहान होते घरी, त्याईले जगवाचं होतं." तिनं फाटलेला ओठ पदरानं टिपला. "आमच्यात लहान लेकरू जाळत नाई. झाडाखाली ठेवतेत. नदीवरच्या करंजाखाली ठेवली मी तिले. झाड तवा लहान होतं. मंग शेंगा धरल्या त्यानं. दर साली धरते. म्या कोनाले हात नाई लावू देला. पन जीवाले एकच लागून राह्यलं. थे उपाशी गेली. आता बी उपाशीच हाय का? बी भरेल हाय का पोचट हाय, थे फोडल्याबगर कसं समजंल? न् फोडू कशी मी?"

दाराच्या फटीतून रॉकेलचा वास आत आला.

"मंग लोक म्हनाले, एक बाई येते बाजारात. फोडल्याबगर आतलं सांगते."

मी तिच्यासमोर बसले.

"आकडा एकदाच आला होता," मी म्हटलं. "तीनदा घ्यायचा असतो. एकदा दिसलेला आमच्यात खरा धरत नाहीत."

"पन तुमी पाह्यला ना? तुमच्या डोयानं?"

"पाहिला."

"मंग झालं. म्या बी एकदाच पाह्यलं होतं, वरवंटा लागला थे. खोटं होते का थे?"

मी तिचा हात हातात घेतला. "शंभरात एक्केचाळीस," मी म्हटलं. "या साऱ्या मुलखात मी एवढा कुठं पाहिला नाही. गच्च भरलेली आहे बी. कडेपर्यंत भरलेली."

तिनं दुसरा डोळाही मिटला. पत्र्यावर दगड पडतच होते.

"उपाशी नाई मंग," ती म्हणाली.

ती उठली. टोपली माझ्या मांडीवर ठेवली, वरून फडकं नीट खोचलं. "सांभाळजा. कोनाले फोडू देजा नोका." गुलाब तिला अडवायला उठला, पण त्याचा तोल गेला. तिनं कडी काढली आणि दार ढकलून ती बाहेर गेली. रिकाम्या हातांनी.

उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. गुल्हाने दारापासून चार पावलांवर होता. मोडलेला हात शेल्यात गुंडाळून छातीशी बांधलेला. डाव्या हातात लोहाराच्या दुकानातून उचललेला कोयता. शेजारी एक हमाल रॉकेलचा डबा घेऊन उभा.

"आली मी," बायनाबाई म्हणाली. "त्याईले जाऊ दे."

"तुह्या पोरीसारखीच हायेस तू," गुल्हाने म्हणाला. "हात घालाची सवय."

सगळ्या बाजारानं ते ऐकलं. रेवतानं पिंपात हात घातला होता, हे इतक्या वर्षांत त्या बाजारात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

त्यानं कोयता घातला. डाव्या हाताचा वार, मानेवर बसायचा तो खांद्यावर बसला. ती गुडघ्यांवर आली, पण पडली नाही. त्यानं कोयता पुन्हा वर नेला. मी "नको" म्हणून किंचाळले.

कोयता खाली आलाच नाही. तुळसाची मोगरी त्याच्या मनगटावर पडली होती. मग दुसरी मोगरी पडली, पाठीवर. मग तिसरी. रॉकेलच्या डब्यावाल्यानं डबा टाकला आणि तो पळाला. त्याच्यामागे बाकीचे हमालही. बायका आरडाओरड करत नव्हत्या. कोणी शिवी दिली नाही. त्या गुल्हानेभोवती गोल बसल्या, सकाळी शेंगांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या तशा, आणि मोगऱ्या एका लयीत पडायला लागल्या. टक टक, टक टक. आधी त्याचा आवाज येत होता. मग फक्त मोगऱ्यांचा. मग त्याही थांबल्या.

तुळसानं पदरानं मोगरी पुसली. मग बायनाबाईजवळ बसून तिनं तिच्या खांद्यावर चिंधी दाबून धरली.

"काऊन वं बायने," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "एवढे साल काऊन बोलली नाई वं?"

"तुमाले मालूम नव्हतं का?" बायनाबाई म्हणाली.

तुळसानं चिंधी आणखी घट्ट दाबली.

बायनाबाईला आणि गुलाबला एका ट्रॅक्टरमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दोघंही वाचले. तिचा तो हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. पाऊस लागायच्या आत मी टोपली घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा ती मला नदीवर घेऊन गेली. बिया तिनं एकेक करून झाडाच्या मुळाशी ठेवल्या, चांगल्या हातानं. शेवटी एक बी उरली, ती तिनं मला दिली. ती बी मी पेरली नाही आणि फोडलीही नाही. माझ्या देवघरात आहे.

पण त्या दिवशी ती टोपली माझ्या मांडीवर होती आणि मी गोदामाच्या उंबऱ्यावर बसले होते, तेव्हा फौजदार आला. सोबत दोन शिपाई. गुल्हानेवर कोणीतरी पोतं टाकलं होतं. फौजदारानं पोतं उचलून बघितलं, पुन्हा टाकलं आणि बायकांकडे गेला. त्या पुन्हा सावलीला बसून शेंगा सोलत होत्या.

"काय झालं याला?"

"झाडावरून पडला," तुळसा म्हणाली. शेंगेवरून नजर न काढता.

"काय?"

"झाडावरून पडला, साहेब."

त्यानं दुसरीला विचारलं. तिसरीला. पानवाल्याला विचारलं, लोहाराला विचारलं, बांगड्या विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. बाजारतळावर झाड म्हणून एक बाभूळ होती, तिच्यावर शेळीसुद्धा चढली नसती. सगळे एकच सांगत होते. शेवटी घाम पुसत तो माझ्याकडे आला.

"मॅडम, ही सगळी अडाणी माणसं, खोटं बोलतायत. तुम्ही सरकारी शास्त्रज्ञ आहात. तुमचं काम मोजूनमापून असतं. तुम्ही सांगाल तेच मी लिहितो. काय झालं इथं?"

मोगऱ्या थांबल्या. साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"झाडावरून पडला," मी म्हणाले.

फौजदारानं वही उघडली. "कोणत्या झाडावरून?"

"करंजाच्या."

"तुम्ही स्वतः पाहिलं?"

"एकदाच पाहिलं," मी म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांनी पाहिलं."